किरकोळ खेळाडूंची चित्रवही

वाङ्मयविवेचनास वाहिलेल्या मासिकांत खेळाडूंच्या चित्रांविषयीं लेख आलेला पाहून कांहीं वाचकांच्या भुंवया वर चढतील, हें आम्ही जाणून आहों. काव्य, नाटक, कादंबरी हे टीकेचे मान्य विषय. लहानशा पुठ्ठ्यावर डकवलेली क्रिकेटपटूची तसबीर हा नव्हे. परंतु टीका म्हणजे तरी काय? पुष्कळांतून थोडें निवडणें, निवडीचें कारण सांगणें आणि तें कारण दुसऱ्याच्या बुद्धीस पटेल अशा रीतीनें मांडणें, याहून टीकेचें निराळें लक्षण आम्हांस ठाऊक नाहीं. मग जो मनुष्य शेंकडों खेळाडूंतून चाळीस-पन्नास वेचून काढतो व त्यांचीं चित्रें जपून ठेवतो, तो कळत वा नकळत टीकाकाराचेंच काम करीत असतो. वहींत कोणास जागा दिली आणि कोणास दिली नाहीं, हाच त्याचा अभिप्राय होय. आणि अभिप्राय म्हटला कीं तो तपासण्याचा अधिकार इतरांस आपोआप प्राप्त होतो. असा एक संग्रह नुकताच आमच्या पाहण्यांत आला. त्याचे गुणदोष सांगावे, आणि त्या निमित्तानें संग्राहकाची दृष्टि कशी असावी याचा थोडा विचार करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

वहीचे मालक अलिबागेस राहणारे आमचे एक स्नेही आहेत. हायस्कुलांत गणित शिकवून ते निवृत्त झाले. आपलें नांव छापूं नये अशी त्यांची अट आहे व ती आम्ही पाळणार आहों. वहींत एकंदर ४१ कार्डें आहेत. त्यांतील एकहि बाजारांत मिळणारें नाहीं. पत्त्याएवढा जाड पुठ्ठ्याचा तुकडा, दर्शनी बाजूस वर्तमानपत्रांतून अगर नियतकालिकांतून कापलेलें खेळाडूचें चित्र, आणि पाठीमागें बारीक वळणदार अक्षरांत त्याचे आंकडे व दोन-तीन ओळींचें टिपण, असें प्रत्येकाचें स्वरूप आहे. आश्चर्य हें कीं, या ४१ जणांत नामांकित असा एकहि नाहीं. गावसकर नाहींत, तेंडुलकर नाहींत, सी. के. नायडूहि नाहींत. “त्यांना जपून ठेवायला सारें जग आहे,” एवढेंच मालकांचें यावर उत्तर.

हें उत्तर चमत्कृतीचें आहे कीं विचाराचें, हें ठरविण्यापूर्वीं असल्या चित्रांची मूळ परंपरा पाहणें अवश्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सिगारेटी मऊ कागदी पाकिटांतून विकल्या जात व त्या चुरगळूं नयेत म्हणून आंत एक ताठ पुठ्ठा घालीत. हा कोरा पुठ्ठा वायां कां दवडावा, असें अमेरिकेंतील व इंग्लंडांतील तंबाखूवाल्यांच्या मनांत आलें आणि त्यांवर नट्या, सैनिक, पक्षी, जहाजें व खेळाडू यांचीं चित्रें छापूं लागलीं. ब्रिस्टलच्या विल्स कंपनीनें इ. स. १८९६ मध्यें ५० क्रिकेटपटूंची मालिका काढली. पुढील मालिकांतून आपले रणजितसिंहजीहि झळकले. अमेरिकेंत १९०९ ते १९११ या काळांत बेसबॉल खेळणाऱ्यांची पांचशेंहून अधिक चित्रांची एक प्रचंड मालिका निघाली. दुसऱ्या महायुद्धांत कागदाची टंचाई होतांच इंग्लंडांतील हा प्रकार थांबला. अमेरिकेंत मात्र तंबाखूची जागा मुलांच्या चघळण्याच्या गोंदानें घेतली, आणि टॉप्स नांवाच्या कंपनीनें १९५२ सालीं काढलेली ४०७ कार्डांची मालिका पुढें सर्व संग्राहकांचें तीर्थक्षेत्र होऊन बसली.

या इतिहासांत आम्हांस सर्वांत मननीय वाटतें तें असें. व्यापाऱ्याचा हेतु मुळींच उदात्त नव्हता. गिऱ्हाइकानें मालिका पुरी करण्याच्या नादानें पाकिटावर पाकिट विकत घ्यावें, एवढाच त्याचा मतलब. पण मालिका मोठी करावयाची म्हणजे केवळ राजेमहाराजे पुरत नाहींत. पांचशें चित्रें भरावयाचीं तर एकेका संघांतला दुय्यम यष्टिरक्षक, एका हंगामापुरता चमकलेला गोलंदाज, पुढच्याच वर्षीं गांवीं परतलेला फलंदाज, या सर्वांस जागा द्यावीच लागते. आणि ती जागा थोराच्या जागेहून तसूभरहि लहान नसते. तोच पुठ्ठा, तीच चौकट, तसेच पाठीमागें आंकडे. अशा रीतीनें दुकानदाराच्या लोभांतून एक न्याय घडून आला. ज्यांचें नांव कोणत्याहि इतिहासकारानें लिहिलें नसतें, त्यांचा चेहरा एका सिगारेटवाल्यानें राखून ठेवला.

अर्थात् बाजारास हा न्याय मानवला नाहीं. अमेरिकन संग्राहकांत अशा साध्या खेळाडूंच्या चित्रांस ‘कॉमन’ म्हणतात. आपल्याकडील ‘चिल्लर’ हा शब्द त्यास अगदीं चपखल बसतो. १९०९ च्या मालिकेंतील होनस वॅग्नर याचें चित्र लवकरच छापावयाचें थांबलें म्हणून तें दुर्मिळ झालें व आज कोट्यवधि रुपयांस विकलें जातें. १९५२ च्या मालिकेंतील मिकी मँटल याच्या एका कार्डास २०२२ सालीं १ कोटि २६ लक्ष डॉलर पडले. त्याच मालिकेचे न खपलेले गठ्ठे १९६० च्या सुमारास कंपनीनें बोटींत भरून समुद्रांत बुडविले होते, ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे किंमत आणि योग्यता या दोन शब्दांतील अंतर कोणासहि समजेल. जें काल जागा अडवतें म्हणून पाण्यांत लोटलें, तेंच आज तिजोरींत ठेवलें जातें. मधल्या काळांत चित्रांत कांहींच बदल झालेला नसतो.

परंतु त्याच देशांत याच्या उलट वृत्तीचा एक मनुष्य होऊन गेला. जेफरसन बर्डिक हे त्याचें नांव. सिराक्यूस शहरीं एका कारखान्यांत काम करणारा, संधिवातानें सांधे आंखडलेला, एकटा राहणारा असा हा गृहस्थ. त्यानें तीन लाखांहून अधिक छापील चित्रें जमविलीं, त्यांचें वर्गीकरण केलें, १९३९ सालीं त्यांची सूचि छापली, आणि सारा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयास देऊन टाकला. शेवटचीं कित्येक वर्षें तो तेथें स्वतः जाऊन चित्रें वहींत लावीत असे. १९६३ च्या जानेवारींत काम संपलें आणि दोन महिन्यांत तो वारला. त्याच्या लेखीं चिल्लर आणि मोहोर असा भेद नव्हता. मालिकेंतील रिकामी जागा भरली पाहिजे, एवढेंच त्यास कळे. वॅग्नरचें तें महागडें कार्ड ज्या ‘टी-२०६’ या खुणेनें आज ओळखलें जातें, ती खूणहि या निर्लोभ माणसानेंच दिलेली आहे.

आतां आपल्याकडे वळूं. विल्सची कैंची छाप सिगारेट हिंदुस्थानांत खपे व तिच्या पाकिटांतूनहि चित्रें निघत. पण आपल्या मैदानांवर खेळणाऱ्या साध्या खेळाडूंची मोठी मालिका येथें कोणी काढल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. पुढें संदीप पाटील यांच्या संपादकत्वाखालीं ‘एकच षटकार’ निघूं लागलें, तेव्हां मराठी घरांतील मुलें त्यांतील चित्रें कापून भिंतीवर लावीत. १९९० च्या सुमारास ‘बिग फन’ नांवाच्या गोंदाबरोबर क्रिकेटपटूंचीं चित्रें मिळत व मुलें शाळेच्या मधल्या सुटींत त्यांची देवघेव करीत. पण या सर्वांत चेहरे तेच ते. दूरचित्रवाणीवर रोज दिसणारे. आमच्याकडे व्यापाऱ्याच्या लोभांतूनहि न्याय घडला नाहीं. जें काम तंबाखूवाल्यानें केलें नाहीं, तें अलिबागेच्या एका मास्तरांस कात्री घेऊन करावें लागलें, हा या वहीचा पहिला अर्थ.

वहींतील पहिलें कार्ड उमेश कुळकर्णी यांचें आहे. डाव्या हातानें मध्यम-जलद चेंडू टाकणारे हे गोलंदाज १९४२ सालीं अलिबागेस जन्मले, मुंबईकडून खेळले, आणि १९६७-६८ मध्यें पतौडींच्या संघांतून ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेले. याच दौऱ्यांत भारतानें न्यूझीलंडमध्यें ३-१ अशी सरशी करून परदेशांतील पहिली कसोटीमालिका जिंकली. कुळकर्णींच्या वांट्यास एकंदर चार कसोटी सामने आले व त्यांत त्यांस पांच बळी मिळाले. पाठीमागें आमच्या स्नेह्यांनीं आंकडे देऊन खालीं एवढेंच लिहिलें आहे : ‘आपल्या गांवचा.’

या दोन शब्दांवर टीकाकारानें थांबलें पाहिजे. गांव एक, म्हणून खेळाडू संग्राह्य, हें कारण वरवर पाहतां अगदीं पोकळ आहे. जन्मभूमीचा अभिमान हा गुणांची पारख करण्याचा गज नव्हे, हें आम्ही वर्गांत मुलांस नेहमीं बजावतों. परंतु ओहोटी लागली म्हणजे अलिबागेच्या किनाऱ्यावर कुलाबा किल्ल्यापर्यंत वाळू उघडी पडते, आणि त्या ओल्या वाळूंत टेनिसच्या चेंडूनें खेळणाऱ्या पोरांचे चार-पांच डाव एकाच वेळीं चाललेले दिसतात. सुरूच्या बनापलीकडे चेंडू गेला कीं चार. उरणपासून श्रीवर्धनपर्यंत कोळ्या-आगऱ्यांच्या गांवोगांवीं हेंच दृश्य. या पोरांस आय. पी. एल.च्या परदेशी खेळाडूंचीं नांवें मुखोद्गत असतात. पण याच गांवांत जन्मलेला एक मनुष्य ऑस्ट्रेलियांत भारताच्या वतीनें नवा चेंडू हातांत घेऊन उभा राहिला, हें त्यांतील किती जणांस ठाऊक असेल? गुणांची पारख करावयास प्रथम ती वस्तु डोळ्यांपुढें असावी लागते. ‘आपल्या गांवचा’ हें टिपण निवाडा म्हणून अपुरें आहे. परंतु निवाड्यापूर्वींची जी ओळख, ती तें करून देतें. वैयक्तिक जिव्हाळ्याचें संग्रहांत जें स्थान, तें एवढेंच आणि इतकें मोठें आहे : तो दार उघडतो, आंत काय आहे तें मात्र नंतर पाहावयाचें असतें.

आंत गेल्यावर काय दिसतें? चार कार्डें नमुन्यादाखल घेऊं. जनार्दन नवले यांच्या कार्डाच्या पाठीमागें, २५ जून १९३२ रोजीं लॉर्ड्सवर सुरू झालेल्या भारताच्या पहिल्या कसोटी सामन्याचा उल्लेख आहे. भारताच्या पहिल्या डावांतील पहिला चेंडू खेळण्याचा मान यांचा. धांवा १२ आणि १३. कसोटी सामने सर्व मिळून दोन. दत्ताराम हिंदळेकर रत्नागिरीचे, मुंबईच्या पोर्ट ट्रस्टमध्यें नोकरीस. १९४६ सालीं मँचेस्टरच्या कसोटींत शेवटचा गडी म्हणून ते खेळावयास आले व रंगा सोहोनींसह तेरा मिनिटें टिकून त्यांनीं सामना वांचविला. त्यानंतर तीन वर्षांतच, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं, ते निवर्तले. भाऊसाहेब निंबाळकर यांच्या कार्डावर केवळ एक आंकडा मोठ्या अक्षरांत आहे : नाबाद ४४३. डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास काठेवाडविरुद्ध त्यांनीं या धांवा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा तत्कालीन विक्रम अवघ्या नऊ धांवांवर राहिला असतां प्रतिपक्षानें पुढें खेळण्याचें नाकारून सामनाच सोडून दिला. आजहि प्रथम दर्जाच्या सामन्यांत भारतीयाची याहून मोठी धांवसंख्या नाहीं. आणि निंबाळकरांस कसोटी सामना एकहि मिळाला नाहीं. पद्माकर शिवलकर यांच्या नांवावर ५८९ बळी. १९७३ सालीं मद्रासेस झालेल्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत त्यांनीं दोन डावांत मिळून ३४ धांवांत १३ गडी टिपले. परंतु बिशनसिंग बेदी यांच्या काळांत डावखुऱ्या फिरकी गोलंदाजास दुसरी जागा नव्हती, आणि शिवलकर २०२५ च्या मार्चमध्यें कसोटी न खेळतांच गेले.

हीं टिपणें वाचतांना आमच्या मनांत जो पहिला आदर उत्पन्न झाला तो त्यांच्या संयमाबद्दल. हळहळीचे उद्गार नाहींत, उद्गारचिन्हें नाहींत, ‘उपेक्षित हिरा’ असला ठरीव शब्दप्रयोग नाहीं. मास्तरांनीं गणित शिकविलें आहे. आंकडा बोलत असतां आपण मध्यें बोलूं नये, हें त्यांस पक्कें ठाऊक आहे. हिंदळेकरांच्या कार्डावर ‘१३ मिनिटें’ एवढें लिहिलें कीं पुरे. तीं तेरा मिनिटें किती लांब असतील, हें वाचकानें स्वतः मोजावें. चरित्रलेखनाचा नाद असलेल्या आमच्या तरुण लेखकांनीं हीं कार्डें जरूर पाहावीं. तीनशें पानांच्या गौरवग्रंथांत जें साधत नाहीं, तें येथें तीन ओळींत साधलें आहे.

दुसरा गुण याहून खोल आहे. थोरांचा इतिहास ही शिखरांची रांग असते; पण डोंगर शिखरांचा बनलेला नसतो. अलिबागेस १९०४ पासून चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याची वेधशाळा तेथें न्यावी लागली. पृथ्वीच्या चुंबकत्वांत होणारे सूक्ष्म फेरफार तेथें दिवसेंदिवस टिपून ठेवतात. त्यांतील एखाद्या दिवसाच्या नोंदींत कांहीं अपूर्व असतें असें नव्हे. बहुतेक दिवस आदल्या दिवसासारखेच. तरी त्या नोंदींचें मोल जगभर मानलें जातें, कारण सामान्य दिवस टिपले म्हणून वादळाचा दिवस ओळखूं येतो. खेळाचेंहि तसेंच. पन्नास साधे गोलंदाज ठाऊक असल्यावांचून एक असाधारण गोलंदाज असाधारण कां, हें सांगतां येत नाहीं. वाङ्मयांत तर याचा पडताळा आम्ही नित्य पाहतों. पेण तालुक्यांतील वरसईचे विष्णुभट गोडसे हे कांहीं सेनापति अगर मुत्सद्दी नव्हते. दक्षिणेच्या आशेनें उत्तरेस गेलेले एक भिक्षुक ब्राह्मण. पण त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ सालीं प्रसिद्ध झाला आणि सत्तावनच्या वणव्यांत सांपडलेल्या सामान्य माणसास काय दिसलें, तें मराठी वाचकांस प्रथम कळलें. थोरांचीं चरित्रें हवींतच. परंतु त्यांच्याभोंवतीं जे उभे होते त्यांची नोंद नसेल, तर थोरांची उंची मोजावी तरी कशानें?

येथवर स्तुति झाली. आतां दोष. पहिला दोष साधनांचा आहे व तो लहान नाहीं. चित्रें खळीनें चिकटविलीं आहेत. कोंकणच्या किनाऱ्यावर, जेथें आषाढांत पेटींतल्या कपड्यांस देखील बुरशी येते आणि खारा वारा लोखंडाचें चाळण करतो, तेथें खळ म्हणजे कसरीस दिलेलें आमंत्रणच. सात-आठ कार्डांच्या कडा तिनें खाल्लेल्याच आहेत. वर्तमानपत्राचा कागद मुळांत अल्पायुषी. तो पिवळा पडून ठिसूळ होतो. असलीं कात्रणें न चिकटवितां आम्लरहित कागदाच्या घडींत ठेवावीं, वही जमिनीपासून उंच व भिंतीपासून दूर असावी, आणि पावसाळा संपतांच ती सावलींत उघडून हवेशीर करावी, एवढी काळजी अवश्य आहे. याहून मोठी उणीव अशी कीं, चित्र कोणत्या पत्रांतून व कोणत्या तारखेस घेतलें, याची नोंद कोणत्याच कार्डावर नाहीं. मालकांस तें आठवत असेल; पण वही मालकांनंतरहि राहावयाची आहे. ज्या कागदाचा ठावठिकाणा नाहीं तो पुरावा होऊं शकत नाहीं, हें राजवाड्यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापून आम्हांस शिकविलें. तो धडा घरगुती संग्राहकासहि लागू आहे.

दुसरा दोष निवडीचा. ४१ कार्डांत एकहि स्त्री नाहीं. अप्रसिद्धांचा कैवार घेणाऱ्या वहींत हें विशेष खटकतें. कारण आपल्या देशांत अलीकडील कांहीं वर्षें सोडलीं तर क्रिकेट खेळणारी प्रत्येक स्त्री ही अप्रसिद्धच होती. पुण्याच्या शुभांगी कुळकर्णी १९७६ सालीं पहिल्याच कसोटींत एका डावांत पांच बळी घेतात, १९ कसोटी सामने खेळतात, भारताचें नेतृत्व करतात, १९८५ चा अर्जुन पुरस्कार मिळवितात. आणि तरी अलिबागेच्या कुळकर्णींशेजारीं पुण्याच्या या कुळकर्णींस जागा मिळत नाहीं. आम्हीं ही गोष्ट मालकांच्या नजरेस आणली असतां, “चित्र मिळालें नाहीं,” असें ते म्हणाले. तें खरेंहि असेल. परंतु ज्यांचें चित्र वर्तमानपत्रांनीं छापलें नाहीं त्यांस वहींतहि जागा नाहीं, असें झालें तर वर्तमानपत्रांचाच निवाडा आपण कायम केला. अशा वेळीं चौकट कोरी ठेवावी आणि पाठीमागें आंकडे लिहावे. कोरी चौकटहि पुष्कळ सांगते.

तिसरा दोष सर्वांत गंभीर, आणि केवळ त्याच्यासाठींच आम्हीं हा लेख लिहिला असें म्हटलें तरी चालेल. वहीच्या अखेरीस पाळवणकर बाळू यांचें कार्ड आहे. पुण्याच्या गोऱ्या लोकांच्या क्लबांत महिना चार रुपयांवर मैदानाची निगा राखतां राखतां ते डाव्या हातानें फिरकी टाकूं लागले. हिंदूंच्या संघांत त्यांचा समावेश झाला तो त्यांच्या गोलंदाजीवांचून चालेना म्हणून. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सवर्ण झेलीत. पण चहाच्या वेळीं ते चर्मकार म्हणून त्यांस मंडपाबाहेर मातीच्या भांड्यांत चहा मिळे. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं इंग्लंडास गेलेल्या संघांतून त्यांनीं दौऱ्यांत ११४ बळी मिळविले. हिंदूंच्या संघाचें नायकत्व त्यांस कधींच मिळालें नाहीं; तें त्यांचे बंधु विठ्ठल यांस मिळण्यास १९२३ साल उजाडावें लागलें. ही हकीकत पुष्कळ काळ विस्मृतींत होती; २००२ सालीं रामचंद्र गुहा यांच्या इंग्रजी ग्रंथानें ती विस्तारानें पुढें आणली. आमच्या स्नेह्यांनीं आंकडे बिनचूक दिले आहेत. मात्र खालीं टिपण असें : ‘दैवानें नायकत्व दिलें नाहीं.’

हें वाक्य आम्हांस मान्य नाहीं. निंबाळकरांचा विक्रम नऊ धांवांनीं हुकला ही प्रतिपक्षाची लहर म्हणतां येईल. हिंदळेकरांचें आयुष्य अल्प ठरलें, त्यास दैव म्हणावें. शिवलकरांच्या काळीं बेदी होते, हा कालाचा योग. आणि दोघांत कोण श्रेष्ठ, यावर प्रामाणिक मतभेद होऊं शकतो. पण बाळूंच्या बाबतींत दैवाचा संबंध काय? त्यांस नायकत्व नाकारणारीं माणसें होतीं. तीं समितींत बसत, मतें देत आणि आपलीं नांवें कागदावर घालीत. ज्या अन्यायास कर्ते आहेत त्यास दैव म्हणणें ही दिसावयास सौम्य, पण परिणामीं फार कठोर भाषा आहे. कारण ती अपराध्यास मोकळें सोडते व पीडितास केवळ दुर्दैवी ठरविते. सर्व उपेक्षितांस एकाच माळेंत ओंवण्याचा हा धोका. उपेक्षा हा एक परिणाम आहे. तिचीं कारणें निरनिराळीं असतात. काल, स्पर्धा, लहर, मृत्यु आणि अन्याय हे पांच निराळे, आणि त्यांना निराळें ठेवणें हेंच टीकाकाराचें काम. बाळू १९३७ च्या निवडणुकींत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहून पडले, ही गोष्टहि त्या कार्डावर असावी. मनुष्य केवळ करुणेचा विषय नसतो. त्यास स्वतःचीं मतें असतात, तो झगडतो, चुकतो, हरतो. दया दाखवून आपण त्याची उंची कमी करूं नये.

यावर कोणी म्हणेल, एवढी चिकित्सा एका घरगुती वहीची कशास? हौस ती हौस. आमचें उत्तर असें कीं, हौसेनेंच या वहीस टीकेची पात्रता आणली आहे. जो श्रीमंत दुर्मिळ कार्ड विकत घेऊन कुलुपांत ठेवतो, त्याच्याशीं आमचें भांडण नाहीं व संभाषणहि नाहीं. त्याचा निवाडा बाजारानेंच करून दिलेला असतो. परंतु जो आपल्या डोळ्यांनीं निवडतो, त्यानें जबाबदारी पत्करलेली असते. उलटपक्षीं, अप्रसिद्धि हीच योग्यता असें मानण्याची एक उफराटी फॅशन अलीकडे वाढत आहे, तीहि आम्हांस संमत नाहीं. विसरलेला प्रत्येक कवि मोठा नसतो आणि संघांतून वगळलेला प्रत्येक गोलंदाज बेदी नसतो. कित्येकांस लोक विसरले तें योग्य कारणानेंच. नवले यांच्या १२ आणि १३ धांवा थोड्याच. त्यांस मोठा डाव म्हणावयाचें कारण नाहीं. त्यांचें महत्त्व असें कीं, सुरुवात कोणी तरी करावी लागते आणि ती त्यांनीं केली. जेवढें आहे तेवढेंच सांगावें. कमी सांगणें हा अन्याय, अधिक सांगणें हें खोटें. आमच्या स्नेह्यांची वही बहुतेक ठिकाणीं ही मर्यादा संभाळते, म्हणूनच जेथें ती सुटली तेथें आम्हीं बोट ठेविलें.

ज्या घरांत हें मासिक वाचलें जातें, त्या घरांतील पेटीच्या तळाशीं किंवा माळ्यावर शाळेच्या संघाचें एखादें जुनें छायाचित्र बहुधा असेलच. पुढच्या रांगेंत मध्यभागीं ढाल घेऊन बसलेला कप्तान कोण, हें घरांत सर्वांस ठाऊक असतें. मागच्या रांगेंत डावीकडून तिसरा कोण, हें सांगणारें माणूस मात्र घरांत एखादेंच उरलेलें असतें, आणि तें वृद्ध असतें. त्या माणसाकडून तें नांव आजच विचारून घ्यावें, मऊ पेन्सिलीनें छायाचित्राच्या पाठीमागें तारखेसह लिहावें, आणि त्यानें काय केलें तें ठाऊक असेल तर तेंहि एका ओळींत टिपून ठेवावें. खळ लावूं नये आणि दैवाचें नांव घेऊं नये. आमच्या स्नेह्यांनीं बाळूंचें कार्ड नव्यानें लिहिण्याचें कबूल केलें आहे, आणि बेचाळिसावी चौकट आंखून ती तूर्त कोरी ठेवली आहे.